सोय

मराठीत 'सोय' हा एक फार मायाळू शब्द आहे. आहे दोनच अक्षरांचा. पण संसारातले निम्मे व्यवहार त्याच्या खांद्यावर चालतात. मुलीला स्थळ सांगून आले की आधी तिथली पाण्याची सोय पाहायची. पोरगा शिकायला परभणीला निघाला की त्याच्या डब्याची सोय लावायची. दिवाळीत तर या शब्दाला क्षणाचीही उसंत नसते. आत्याबाईंना खाली बसवत नाही, त्यांच्यासाठी शेजारून खुर्ची आणायची. मेव्हण्यांना पहाटे कढत पाणी जरा जास्त लागते. थोरल्या जावयांना साखर चालत नाही, त्यांचा चहा निराळा आणि करंज्याही चार निराळ्या. घरची बाई हे सारे करते, तेव्हा आपण कोणावर उपकार करीत आहोत असे तिच्या मनातही येत नाही. माणूस यायचा म्हणजे त्याच्या गुडघ्यांसकट आणि त्याच्या साखरेसकट यायचा, हे तिने धरलेलेच असते.

मग पाहुणे निघतात. उंबऱ्याशी ती विचारते, "काही गैरसोय तर झाली नाही ना?" यावर पाहुण्याने काय बोलायचे तेही पूर्वापार ठरलेले आहे. रात्रभर डासांनी फोडून काढलेले असो, की उशाला पाट घेऊन निजावे लागलेले असो, त्याने दोन्ही हात हलवून म्हणायचे, "छे, छे! गैरसोय कसली?"

पाहुण्याने असेच बोलावे. तो दोन दिवसांचा असतो. पण जिथे वर्षानुवर्षे खडू झिजवला, त्या शाळेत पाहुण्यासारखे 'छे, छे' म्हणण्याची वेळ आली तर? ती माझ्यावर गेल्या वर्षी आली, आणि तिचीच ही हकीकत आहे.

जानेवारी २०२४. लोह्याहून पालमला मोटारसायकलीवर येत होतो. रात्रीची वेळ, ऊस गळिताचे दिवस, आणि वळणावर उसाने भरलेली ट्रॉली उभी. मागे ना दिवा, ना लाल फडके. आमच्या भागात हिवाळ्यातल्या रस्त्यावर हे दृश्य इतके नित्याचे आहे, की त्याचे वर्णन करून कादंबरीकाराच्या हातीही काही लागत नाही. उजवा पाय गुडघ्याखाली वीतभर राखून काढावा लागला. ज्यांनी काढला ते सर्जन म्हणाले, गुडघा वाचला हे मोठे भाग्य. भाग्य हा शब्द मला त्या दिवशी पटला नाही. पुढे लावलेल्या पायावर चालू लागलो तेव्हा पटला. गुडघा स्वतःचा असला, की चालण्याचा निम्मा हिशेब आपल्या हाती राहतो.

गेलेल्या पायाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तो जात नाही. रात्री अंगठ्याला खाज सुटते आणि खाजवायला अंगठा नसतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलास वेअर मिचेल या डॉक्टराने १८७१ साली या प्रकाराला नाव दिले, आणि ते चक्क भुताचे नाव आहे! मी हे आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "भूत कामून म्हणायचं? तुझाच पाय हाय त्यो. घर इसरला नाई म्हणायचं." मिचेलसाहेबांपेक्षा मला आईचे निदान पुष्कळ बरे वाटले.

आणि आता लावलेल्या पायाविषयी. १९६८ साली जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर, अशा दोघांनी मिळून रबराचा एक पाय घडवला. तोच पुढे 'जयपूर फूट' म्हणून जगभर गेला. त्याआधीचे परदेशी बनावटीचे पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेले असत. आपल्याकडे बूट उंबऱ्याबाहेर राहतात. आपला माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसून भाजी खुरपतो, अनवाणी देवळात जातो आणि चिखलात बैलांमागे चालतो. म्हणून तसले पाय मिळालेली माणसे ते काढून ठेवीत आणि पुन्हा कुबड्या घेत, हे सेठींच्या ध्यानात आले. त्यांनी माणसांना बूट वापरायचा उपदेश केला नाही. मांडी घालता येईल आणि चिखलात चालता येईल असा पाय केला. माझा पाय त्याच कुळातला आहे. तो चांगला आहे, पण मराठवाड्याचे ऊन त्यालाही सोसत नाही. दिवस चढतो तसा सॉकेटच्या आत उरलेला पाय घामाने चिंब होतो, आकाराने कमीजास्त होतो, आणि सकाळी घट्ट बसलेली सॉकेट दुपारी ढिली पडते. मग पाय काढायचा, पुसायचा, आतला मोजा बदलायचा, पुन्हा चढवायचा. दहा मिनिटांचे काम. पण ते चार लोकांत करवत नाही.

घरी होतो त्या पाच महिन्यांत अख्खे पालम भेटून गेले. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "सर, आता आराम करा." इतक्या प्रेमाने म्हणत, की त्या प्रेमाला विरोध करणे जड जाई. आणि मी कादंबऱ्या लिहितो हे ज्यांना ठाऊक, ते पुढे म्हणत, "तुमचं तर बरंच झालं म्हणा, लिहायला पायाचं काय काम?" आता यांना काय सांगावे! त्या पाच महिन्यांत ठेवण्याजोगे एक पानसुद्धा माझ्या हातून लिहून झाले नाही. माझी माणसे मला वर्गात भेटतात, स्टँडवर भेटतात, मधल्या सुट्टीत भांडणाऱ्या पोरांत भेटतात. पलंगावर फक्त मी मला भेटत होतो, आणि त्या गृहस्थाच्या सहवासाला मी लवकरच कंटाळलो.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी माझा सत्कार ठेवलेला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सगळे यथासांग. व्यासपीठाला चार पायऱ्या होत्या आणि धरायला काही नव्हते. म्हणून दोघा शिपाईमामांनी मला दोन्ही बगलांत धरून वर उचलून ठेवले. माझ्या जिद्दीवर भाषणे झाली. माझ्या पायावर उभा राहण्याच्या निर्धाराचे एका वक्त्याने फार सुंदर वर्णन केले. मग मामांनी मला पुन्हा उचलून खाली आणले. यातला विनोद सभागृहात एकट्या मलाच दिसत होता, की मामांनाही दिसत होता, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही.

दुपारी हेडसरांनी बोलावले. माणूस सज्जन, मनात काळेबेरे काही नाही. म्हणाले, "सर, तुमचं आम्ही ठरवून टाकलंय. ग्रंथालय तुमच्याकडं. खालीच आहे, पंखा आहे, पोरांची कटकट नाही. पगारात काडीचा फरक पडायचा नाही."

आमचे ग्रंथालय म्हणजे दोन कपाटे आणि एक टेबल. त्यातल्या एका कपाटाची किल्ली सापडल्याचे माझ्या आठवणीत नाही.

"आणि दहावीचं मराठी?" मी विचारले.

"ते बघू की. वर्ग वर आहे ना. बावीस पायऱ्या आहेत, सर."

बावीस हा आकडा त्यांनी मोजून ठेवला होता. म्हणजे माझा विचार त्यांनी खरोखरच केला होता. केला होता, पण वर्ग खाली आणण्याचा विचार मात्र त्यांना सुचला नव्हता. मला खाली ठेवण्याचा तेवढा सुचला होता. मी काय बोललो? "छे, छे, तुम्ही कशाला एवढं..." असे काहीतरी बोलून, नमस्कार करून बाहेर पडलो. पाहुण्याला शोभेल असेच.

रात्री मुलीने मोबाईलवर कायदा काढून दिला. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याचे विसावे कलम मी दहावीच्या पाठासारखे पुन्हा पुन्हा वाचले. नोकरीत असताना ज्याला अपंगत्व आले, त्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढायचे नाही, त्याचा दर्जा उतरवायचा नाही. तो आपल्या पदाचे काम करू शकत नसेल, तर त्याच पगाराचे दुसरे पद द्यायचे. तसे पद नसेल तर मिळेपर्यंत, किंवा तो निवृत्त होईपर्यंत, जादा पद निर्माण करून त्याला त्यावर ठेवायचे. आणि शासकीय आस्थापना म्हणजे नुसत्या कचेऱ्या नव्हेत. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही त्यात येतात. आमची शाळा अनुदानित. म्हणजे हेडसर म्हणाले तेही कायद्यातच होते! पण आधीची पायरी त्यात गाळली होती. दुसरे पद केव्हा? पहिल्याचे काम जमत नसेल तेव्हा. आणि जमते की नाही हे पाहण्याआधी त्याच कलमाने 'वाजवी सोय' करायला सांगितली आहे. ज्यांनी हा मसुदा केला त्यांनी मालकाच्या खिशाचाही विचार केला आहे. अवाजवी भार पडेल असे काही मागता येत नाही. मात्र वाजवी सोय नाकारणे हा भेदभावच, असे तो स्पष्ट म्हणतो.

हे संरक्षण तसे १९९५ च्या कायद्यातही होते. २००३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कुणाल सिंग नावाच्या शिपायाचा खटला आला होता. कर्तव्यावर असताना पायाला दुखापत झाली, पाय कापावा लागला, आणि मग खात्याने त्याला सेवेला अयोग्य ठरवून घरी पाठवले. निवृत्तिवेतन मिळते आहे, मग तक्रार कसली, असा खात्याचा सूर. न्यायालयाने तो मानला नाही. नोकरीत अपंगत्व आलेल्या माणसाला संरक्षण दिले नाही, तर त्याच्यावर विसंबलेले घरही त्याच्याबरोबर खाली येते, असा त्या निकालाचा आशय आहे. मी तो वाचत होतो तेव्हा स्वयंपाकघरात पत्नी किराण्याची यादी करीत होती.

आपल्याकडे अशी माणसे झाली नाहीत असे नाही. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना काम शिकवून पुन्हा उभे करण्यासाठी १९१७ साली निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट खडकीला आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीत बसून केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पदकाची गोष्ट सगळे सांगतात. आता तर तिच्यावर सिनेमाही निघाला. पण पेटकरांनी पुढे पुण्याला टेल्कोत नोकरी केली, तिच्याविषयी मला जास्त कुतूहल आहे. त्यांचे टेबल केवढे उंच होते? दाराला उंबरा होता का? जेवणाच्या सुट्टीत ते कुठे बसत? पदक एकदाच मिळवायचे असते. उंबरा रोज ओलांडायचा असतो.

मग मी अर्ज लिहायला घेतला.

अर्जलेखन मी दहावीला कितीतरी वर्षे शिकवतो. 'विषय' ही अर्जातली सर्वांत महत्त्वाची ओळ; मागणी तिथेच कळली पाहिजे, हे फळ्यावर लिहून लिहून माझा हात दुखला आहे. पण स्वतःच्या अर्जाची ती ओळ रात्रीच्या साडेबारापर्यंत जमेना. 'सहानुभूतीपूर्वक विचार होणेबाबत' असे लिहून पाहिले. सहानुभूती तर भरपूर झाली होती. शाल कपाटात होती. 'मदत मिळणेबाबत'. कोणाला मदत? शिकायचे पोरांना होते. 'अपंगत्वामुळे सवलत मिळणेबाबत'. सवलत मला एस.टी.त मिळते. पिवळे कार्ड दाखवले की तिकिटाचे पंचाहत्तर टक्के माफ, आणि ती सवलत मी आनंदाने घेतो. पण वर्ग ही सवलत नव्हे. वर्ग हे माझे काम. शेवटी लिहिले, 'विषय : इयत्ता दहावीचा वर्ग तळमजल्यावर भरवणेबाबत.' या ओळीत मी कुठेच नव्हतो. वर्ग होता, मजला होता. मला एकदम हलके वाटले.

खाली चार मागण्या. दहावीचा वर्ग खाली. सलग दोन तासांनंतर एक तास मोकळा, आणि पाय काढून बसायला आतून कडी लागणारी खोली. संडासात भिंतीला धरायला एक लोखंडी दांडा. उकिडवे बसता येते, उठता येत नाही. आणि इमारतीच्या दारातल्या पायऱ्यांना कठडा.

आमच्या लिपिकांनी अर्ज उभ्या-उभ्या वाचला. "सर, यात विनंती कुठंय?"

"शेवटी आहे की. 'ही विनंती'."

"तेवढ्यानं भागत नसतंय," ते खेदाने म्हणाले आणि आवक क्रमांक घातला.

आठवड्याने हेडसरांच्या खोलीत बसलो. संस्थेचे एक सभासदही होते. ते म्हणाले, "एकाला दिलं की उद्या दहा जण मागतील." या वाक्याचे उत्तर मी मनात पुष्कळ घोळवले होते आणि त्यात कायद्याची कलमे होती, पण तोंडातून निघाली ती लेंडी नदी.

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. पालमजवळून लेंडी वाहते. एरवी तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही; पण पावसाळ्यात ती फुगली, की फळा, आरखेड त्या बाजूच्या गावांचा पालमशी संबंध तुटत आला आहे. पोरे शाळेत येऊ शकत नाहीत. मग आम्ही काय करतो? त्या दिवशीची चाचणी त्यांच्यासाठी पुन्हा घेतो. बुडालेला पाठ पुन्हा सांगतो. कोणी त्यांना अर्ज मागत नाही. कोणी 'पोहून या' म्हणत नाही. आणि नदीपलीकडच्या मुलांना वर्ग झेपत नाही, त्यांना ग्रंथालयात बसवा, असे तर कोणाच्या स्वप्नातही येत नाही. अडचण नदीत आहे, पोरांत नाही, हे सगळ्यांना लख्ख दिसते.

"सर," मी म्हणालो, "माझी लेंडी बावीस पायऱ्यांची आहे. एवढंच."

हेडसर काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा वर्गखोल्यांचा तक्ता काढून टेबलावर पसरला. सभासद चहा येईपर्यंत थांबले आणि पिऊन गेले.

जुलैत दहावी खाली आली आणि पाचवी वर गेली. पाचवीच्या पोरांना जणू बढती मिळाली. पहिल्या दिवशी ती बावीस पायऱ्या विनाकारण सहा वेळा चढली-उतरली. दहावीची पोरे मात्र नाराज. वरच्या व्हरांड्यातून एस.टी. स्टँड दिसायचे, ते गेले. एका सहकाऱ्याने शिक्षकांच्या खोलीत, मला ऐकू जाईल अशा बेताने, "आम्ही काय पाप केलंय?" असे म्हटले. त्यांचे तास वरती गेले होते. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मोकळ्या तासाचे वेळापत्रक दोनदा बदलले. संडासातल्या दांड्याला मात्र दिवाळी उजाडली, कारण तो कोणत्या खर्चाच्या शीर्षाखाली टाकायचा हे कोणालाच कळेना. वेल्डिंगवाल्याला काम अर्ध्या तासाचे होते.

दारातला कठडा त्याच्या आधी झाला. त्याचा रंग वाळायच्या आतच मला एक गोष्ट दिसली. आमच्या गणिताच्या बाई, पन्नाशीच्या पुढच्या, कठडा धरून एकेक पायरी चढत होत्या, आणि हाताला लागलेला हिरवा रंग पदराला लागू नये म्हणून जपत होत्या. वर आल्यावर म्हणाल्या, "माझे गुडघे गेले त्याला सहा वर्षं झाली, सर."

"मग बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं? लोक म्हणतात, होत नसेल तर घरी बसा." आणि थोडे थांबून, "तुमच्या अर्जावर माझी सही चालली असती का?"

यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. सभासद म्हणाले होते ते दहा जण हेच तर. ते इतकी वर्षे शाळेतच होते, आणि विचारले असते तर 'छे, छे' म्हणाले असते.

आषाढीच्या सुमारास आईने कूर्मदासाची गोष्ट काढली. पैठणचा कूर्मदास; हात नाहीत, पाय नाहीत. वारीबरोबर पोटावर सरपटत पंढरीला निघाला. एकादशी तोंडावर आली तेव्हा तो लऊळपर्यंतच पोचला होता. पुढे होईना. म्हणून त्याने वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला, की मी येऊ शकत नाही, तूच ये. आणि पांडुरंग देऊळ सोडून लऊळला आला. कीर्तनात ही गोष्ट भक्ताच्या निष्ठेची म्हणून सांगतात, डोळे पुसतात. आई मात्र देवाच्या बाजूने सांगत होती. "त्यो म्हणला नाई, की बाबा, घरीच नाव घे माझं, आराम कर. चार कोस चालत ग्येला." कोस किती हे आईने आपल्या मनाने ठरवले होते; पण मला त्या निरोपाचे कौतुक वाटत राहिले. सरळ, नेमका, विषयाला धरून. त्यात सहानुभूतीपूर्वक वगैरे काही नाही.

आता दिवाळीची सुट्टी चालू आहे. आत्याबाई आल्या आहेत, शेजारची खुर्चीही आली आहे, आणि त्या दुसऱ्या कोणाला तीवर बसू देत नाहीत. सुट्टी संपली की पुढे दहावीच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या याद्या लागतील. परीक्षेच्या खोल्या दोन्ही मजल्यांवर असतात. त्यासाठी नवा अर्ज लिहायला घेतला आहे. विषयाची ओळ या खेपेला लवकर जमली. खाली माझ्या सहीशेजारी एका सहीपुरती जागा मोकळी सोडली आहे. बाई माहेरी मानवतला गेल्या आहेत, सोमवारी येतील.